सहावा तास

परिपत्रक बुधवारी आलं. मजकूर तीन ओळींचा, खाली नऊ सह्या.
नव्या कायद्याच्या कलम चारनुसार, नगरपालिका शाळांसह,
इयत्ता नववी, एक तासिका: वंशसंहार आणि ज्यूद्वेष. गुण नाहीत.
टंकताना कुणीतरी 'वंशसंसार' केलं होतं.
हेडसरांनी लाल पेनानं तेवढं दुरुस्त केलं, म्हणाले,
"इतिहास तुमचा, बाई. उरकून घ्या.
फोटो मात्र फळ्यासकट हवा."

भुसावळचा एप्रिल. पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलतो.
खिडकीतून यार्ड दिसतं,
आणि वर्गातल्या निम्म्यांचे बाप त्याच यार्डात.

मी युरोप काढला. माझ्या हातून तो नेहमी
भरताच्या वांग्यासारखा येतो.
मुलं हसली, मी हसू दिलं.
मग म्हणाले, आधी मारलं नाही कुणी.
आधी नियम आले. या बाकावर बसायचं नाही,
सायकली जमा करा, तुमची शाळा वेगळी.
सगळं छापून, तारीख घालून.
मागून आवाज आला, "म्हंजे तेबी परिपत्रकच?"
हो, म्हणाले. परिपत्रकच.

ज्यू म्हणजे कोण, बाई?
पुस्तकातलं उत्तर होतं माझ्याकडे, पण आठवले
पंधरा बंगल्यातले एलायजा वाक्रूळकर, पार्सल ऑफिसात क्लार्क.
शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही.
कधी मलिद्याचं ताट यायचं आमच्याकडे,
भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं.
भाजीवालीशी भांडायचे ते अस्सल मराठीत
आणि हरायचे.
एक दिवस क्वार्टरला कुलूप. आई म्हणाली, देशाला गेले.
मी सहा वर्षांची. विचारलं, म्हणजे कोकणात?

साठ लाख, असं फळ्यावर लिहिलं.
आकडा तसाच राहिला, कुणाला लागला नाही.
मग म्हणाले, आपला जळगाव जिल्हा धरा, सगळा.
त्यात धुळे जिल्हा घाला, सगळा.
कुणीच नाही, असं समजा.
कुणीतरी हळूच पाण्याची बाटली खाली ठेवली.

मालगाड्या भरून नेलं, हे सांगताना
मी खिडकीकडे पाहायचं टाळलं.
रुकसार पिंजारी म्हणाली,
"केळीच्या डब्यालेबी हवेची जागा ठेवतात, बाई."
तिचा बाप वॅगनी भरतो, तिला माहीत.
त्यावर मी काही बोलले नाही.
तेव्हा दीपाली कोलते उभी राहिली,
कधीही उभी न राहणारी:
"त्या गाडीले गार्ड व्हता का?"

घंटा झाली. घंटेचे उपकार मानावेत असा
नोकरीतला तो पहिलाच दिवस.

फोटो पाठवला. वांगं, आकडा, चव्वेचाळीस डोकी.
लगेच अंगठा आला वरून.

दुसऱ्या दिवशी दीपाली प्रार्थनेआधीच दारात.
"पप्पाले इचारलं मी. जेवता जेवता थांबले ते.
मंग म्हणे, गार्ड असतोच.
गार्डबिगर गाडी निघत नाही.
आन म्हणे, आत काय हाये ते कागदावर लिहेल असते,
वजन लिहेल असते, डबे किती ते.
गार्ड सही करते, मंग हिरवी झेंडी."
थोडं थांबून म्हणाली,
"नंतर त्यायनं भाकर नाही खाल्ली."

अहवालाचा नमुना टेबलावर आहे.
तासिका घेतली: होय / नाही.
विद्यार्थ्यांचे प्रश्न, असल्यास: इथं अर्धी ओळ जागा.
दीपालीचा प्रश्न तेवढ्यात मावतो,
मोजून पाच शब्द.
तिच्या बापाचं उत्तर मावत नाही,
ते मी समासात उभं लिहिते, मग कागद फिरवून पाठीमागं.
हेडसर म्हणतील, बाई, हे काय, नमुना बिघडवला.

खाली शिक्षकाची सही.
पेन टेकवून बसले आहे.
यार्डात डबे जोडल्याचा धक्का
एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
लांब दीपनगरच्या बाजूला जात राहतो.